चोळावं कुठं आणि थांबावं कुठं

 

आज आपण मालिशबद्दल बोलणार आहोत. चोळणं, रगडणं, तेल लावून अंग मोकळं करणं. तुम्ही म्हणाल, यात रेडिओवर काय सांगायचं? हे तर आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. खरंय. पण आम्ही गटांच्या वह्या तपासायला बसलो की एक गोष्ट सारखी नजरेला येते. अंतर्गत कर्जाच्या रकान्यात कारण म्हणून ‘दवाखाना’ हा शब्द. कुठला दवाखाना म्हणून विचारावं, तर बरंच काही मोठ्या आजाराचं नसतं. कंबर धरली. गुडघा सुजला. पाय मुरगळला. पोराचा हात दुखावला. आणि “आधी काय केलं?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “चोळलं की.”

कधी चोळण्यानं बाई बरी झालेली असते आणि कर्ज काढायची वेळच येत नाही. कधी चोळण्यानंच दुखणं वाढतं, आणि जिथं शेकड्यात भागलं असतं तिथं हजारोंनी जातात. वर एक हात किंवा एक पाय कायमचा अधू होतो ते वेगळंच. म्हणून आजचा विषय एवढाच : चोळावं कुठं, आणि हात आवरावा कुठं.

आधी आपल्या अंगाचा हिशोब मांडू. आपला फलटणचा भाग नीरा उजव्या कालव्याचा. पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसाबरोबर कष्टही आले. ऊस तोडणारी बाई दिवसभर कंबरेत वाकते, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. खुरपणीला बसणारी तासन् तास उकिडवी असते. धार काढणारीच्या अंगठ्याचा सांधा आखडतो. पाण्याचा हंडा, वैरणीचा भारा, कडेवर लेकरू. हे सगळं करून रात्री पाठ टेकली की ठणका सुरू. एवढं होऊनही आपण त्याला दुखणं म्हणतच नाही. “अंग भरून आलंय” म्हणतो आणि सकाळी परत कामाला लागतो.

अशा कामानं जे दुखतं ते बहुतेक वेळा स्नायूंचं असतं. एकाच ठिकाणी फार वेळ ताण पडला की स्नायू आखडून बसतो, गाठीसारखा लागतो, वळता येत नाही. इथं मालिश नक्की उपयोगी पडते. हातानं दाबलं, चोळलं की आखडलेला स्नायू सैल होतो, त्या भागात ऊब येते, हालचाल सोपी होते. दुसरी गोष्ट अशी की, दाबाची जाणीव मेंदूकडं जायला लागली की दुखण्याची जाणीव थोडी मागं पडते. पायाचं बोट उंबऱ्याला ठेचलं तर आपण न सांगता ते हातात दाबून धरतो ना? तेच कारण. आणि तिसरी गोष्ट. कुणीतरी आपल्यासाठी अर्धा तास बसलंय, मायेनं हात फिरवतंय, यानं जीव शांत होतो आणि झोप लागते. झोप लागली की दुखणं अर्ध्यावर येतं.

ही नुसती आपली समजूत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याची नीट माहिती देणं, यांच्या जोडीला मालिशलाही जागा दिलेली आहे. आणि कमरेला कायम पट्टा बांधणं, वजनं लावून कंबर ताणणं, हे नेहमीचा उपाय म्हणून करू नका असंही त्यात म्हटलंय. आपल्याकडं बाजारातून पट्टा आणायची घाई असते, व्यायामाचं नाव काढलं की मात्र “दिवसभर कामच करतोय की” असं म्हणून हसतो. पण काम म्हणजे एकाच बाजूला ताण, आणि व्यायाम म्हणजे त्या ताणाची भरपाई. दोन्ही एक नव्हे. मालिशनं मिळणारा आराम थोड्या दिवसांचा असतो. तो टिकवायचा तर पाठीचे, पोटाचे, मांडीचे स्नायू बळकट करावे लागतात.

आता मालिशनं काय होत नाही तेही स्पष्ट सांगतो. मोडलेलं हाड चोळून जुळत नाही. मणक्यातली गादी सरकली असेल तर ती अंगठ्यानं दाबून आत जात नाही. झिजलेला गुडघा तेलानं भरून येत नाही. असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर पैसे पदराच्या गाठीतच ठेवा.

घरी मालिश करायची तर कशी, ते ऐका. जिला लावायचं तिला पालथं किंवा कुशीवर निवांत झोपवा. आधी हात धुवा, नखं कापलेली असू द्या, बांगड्या वर सरकवा. तेल कोमट, आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचं. सुरुवात हलक्या हातानं, सगळ्या पाठीवरून तळव्यानं. कातडी उबदार झाली की मग तळहाताचा मागचा भाग किंवा अंगठा घेऊन मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर हळूहळू दाब. मणक्याच्या हाडावर थेट दाब द्यायचा नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, काखेत आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात जोर लावायचा नाही, तिथं शिरा आणि नसा वरवर असतात. हातापायाला चोळताना बोटांकडून वर, हृदयाच्या दिशेनं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आणि सगळ्यात मोठा नियम : गोड दुखलं पाहिजे, कळ येता कामा नये. “सोस जरा, मग बरं वाटेल” हे म्हणणं आता सोडून द्यायचं. कळ आली की अंग आणखी आखडतं, म्हणजे आपण उलटंच काम करतोय.

तेल कुठलं, हे हमखास विचारलं जातं. तेलाचं मुख्य काम हात सरकवणं, कातडी सोलू न देणं. तीळ, खोबरेल, करडई, घरात असेल ते चालतं. करडईचं नाव निघालंच तर आपल्या फलटणचीच गोष्ट सांगतो. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं करडईवर वर्षानुवर्षं काम केलं आणि बिनकाट्याचं संकरित वाण तयार केलं. करडई काढताना हाताला काटे टोचून ज्यांची बोटं सोलवटली असतील, त्यांना याची किंमत कळेल. तर सांगायचं असं की, ‘सांधेदुखी मुळासकट घालवणारं’ म्हणून टीव्हीवर दाखवतात त्या महागड्या बाटलीसाठी गटाचं कर्ज काढू नका. त्यातलं झोंबणारं औषध कातडीला गरम वाटवतं आणि थोडा वेळ बरं वाटतं, एवढंच. आणि असलं झोंबरं मलम लावून वरून गरम शेक मुळीच घ्यायचा नाही. कातडी भाजते.

आता येऊ खऱ्या घोळाच्या ठिकाणी. ताजा मार.

बांधावरून पाय घसरला, घोटा मुरगळला. क्षणात सूज. आणि लगेच घरातलं कुणीतरी तेलाची वाटी गरम करून हजर. मैत्रिणींनो, इथं थांबायचं. ताज्या माराला आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, धागे ताणलेले असतात. तिथं चोळलं, गरम शेकलं, तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही आणि गरम शेकायचंही नाही. करायचं काय? त्या पायावर भार टाकायचा नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावायचा, दोन-तीन तासांनी परत. बर्फ नसेल तर माठाच्या गार पाण्याचं फडकं. क्रेप बँडेज असेल तर गुंडाळायचं, पण बोटं गार किंवा निळी पडतील इतकं घट्ट नाही. आणि पाय उशीवर, उंच. चौथ्या दिवसापासून सूज उतरली की हळूहळू घोटा हलवायचा, मग कोमट शेक, मग हलकी मालिश. ही पायरी उलटी करायची नाही.

हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय, हे कसं ओळखायचं? कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी घोट्यासाठी एक सोपी पारख ठरवली, ती आता जगभर वापरतात. एक, पडल्या पडल्या आणि नंतरही त्या पायावर चार पावलं टाकता येत नाहीत. दोन, घोट्याची जी दोन उंच हाडं आहेत, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटानं दाबलं की हाडातच दुखतं. यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे काढायचा. लंगडत का होईना, चार पावलं टाकली आणि हाडावर दुखत नाही, तर बहुतेक वेळा मुरगळा असतो. हात-पाय वाकडा दिसत असेल, हलवताना आत करकर वाजत असेल, जखमेतून हाड दिसत असेल, बोटं बधिर झाली असतील, तर पारख करत बसायचंच नाही. जसा आहे तसा तो भाग काठीला किंवा पुठ्ठ्याला हलका बांधून दवाखान्यात. 108 नंबरची रुग्णवाहिका फुकट आहे, हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि इथंच हाड बसवणाऱ्यांबद्दल बोलणं आलं. आपल्या गावोगाव अशी माणसं आहेत, त्यातली काही अनुभवी आहेत, गरिबाला अडल्या वेळी हात देतात. त्यांचा अपमान करायचा आमचा हेतू नाही. पण दोन गोष्टी आम्ही हात जोडून सांगतो. पहिली, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेलं. वरून बांध घट्ट आणि आतून सूज वाढतेय, मग रक्त पुढं जायला वाटच राहत नाही. बोटं पांढरी किंवा निळी पडतात, मुंग्या येतात, कळ थांबत नाही. असं दिसलं की “सकाळी बघू” म्हणायचं नाही. बांध ताबडतोब सैल करायचा आणि त्याच तासाला दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर हाताचे स्नायू मरतात, बोटं कायमची वाकडी होतात, कधी हातच काढावा लागतो.

दुसरी गोष्ट लेकरांच्या कोपराची. झाडावरून, सायकलवरून पडलेल्या पोराचं कोपर सुजलं की रोज तेल लावून ओढून ओढून चोळतात. कोपर या बाबतीत फार नाजूक. मार लागलेल्या कोपराला जोरानं चोळलं, तर आतल्या स्नायूत चक्क हाड तयार व्हायला लागतं आणि कोपर जाम होऊन बसतं. आमच्या एका गटातल्या ताईच्या नातवाचं असंच झालं. नातू बरा आहे, पण तोंडाकडं घास नेताना त्याला मान खाली आणावी लागते, कारण हात पूर्ण वाकत नाही. ताई म्हणाल्या, “आम्ही मायेनंच चोळलं वो.” माया होती, यात शंका नाही. माहिती कुणी दिली नव्हती. ही माहिती म्हणून आज सगळ्यांच्या कानावर घालतोय.

आता पाठ आणि कंबर. आपल्याकडं उसण भरली की पायाळू माणूस शोधतात. पायाकडून जन्मलेल्यानं पाय लावला की उसण जाते म्हणतात. उसण बहुधा स्नायूची असते आणि ती चार-आठ दिवसांत आपली आपण उतरते, कुणी पाय लावो न लावो. हळुवार पाय टेकवला तर बिघडत नाही, पण लाथ मारणं किंवा पोराला पाठीवर चालवणं धोक्याचं. पाळी गेलेल्या बाईची हाडं आतून ठिसूळ झालेली असतात. नुसत्या वजनानं मणका चेपू शकतो.

कंबरदुखीत काही खुणा दिसल्या की मालिश बंद आणि दवाखाना सुरू. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी. पाय लुळा पडत चालला, तरी त्याच दिवशी. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, जोडीला संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन उतरणं, हा मणक्याचा टीबी असू शकतो, आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पडल्यानंतर मणक्यावर नेमकं एका जागी दुखत असेल तर एक्स-रे आधी. आणि छातीत, डाव्या हातात, जबड्यात कळ येऊन घाम फुटला, तर ते चोळायचं दुखणंच नव्हे. तिथं चोळण्यात गेलेली दहा मिनिटं जिवावर बेततात.

आता बाळंतिणीकडं येऊ. शेक-शेगडी, तेल, धुरी, सव्वा महिना. बाळंतिणीला मालिश चांगली. कंबर, खांदे, पाय दुखत असतात, झोप झालेली नसते. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. सिझर झालं असेल तर टाक्यांवर आणि पोटावर हात नको. डॉक्टर सांगतील तेव्हाच. दुसरी, पोटुशी बाईचं पोट चोळून बाळ ‘फिरवणं’, हे कधीच नको. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्त गोठण्याचा धोका वाढलेला असतो. एकच पोटरी सुजली, लाल, गरम, दाबली की दुखतेय, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि बाई बघता बघता हातची जाते. दोन्ही पायांवर थोडी सूज असणं वेगळं, एकाच पायावर असणं वेगळं. एका पायाची सूज दिसली की तेलाची वाटी खाली ठेवा आणि गाडी बोलवा. हेच फार दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही लागू.

बाळाची मालिश हलक्या बोटांनी, खेळवत. नाकात-कानात तेल सोडायचं नाही, उलटं धरून झुलवायचं नाही, छाती पिळून ‘दूध काढायचं’ नाही. त्यानं गळू होतं. कमी दिवसांचं बाळ असेल तर आशाताईला विचारूनच.

साखरेचा आजार असलेल्या सासूबाईंच्या पायाला चोळताना आधी तळवे उजेडात बघा. साखरेनं पायाची संवेदना गेलेली असते. चटका बसला तरी त्यांना कळत नाही, म्हणून त्यांच्या पायाला गरम वीट, गरम मिठाची पुरचुंडी नको. फोड, जखम, नायटा, ताप असेल तिथं चोळणं नको. आणि रोज मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खाणाऱ्यांना एक विनंती. रोजची ती गोळी पोटाला आणि मूत्रपिंडाला भारी पडते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय महिनोन् महिने घेऊ नका.

इतका वेळ ‘नको नको’ बरंच झालं. आता या विद्येच्या मानाबद्दल बोलू, कारण ती बाजू आपण विसरतो.

आपला सातारा-सांगलीचा मुलूख तालमींचा. तालमीत जोर-बैठका झाल्या, लाल मातीत कुस्ती झाली की पैलवानाच्या अंगाला मालिश होते. मालिश हा तिथं खुराकाइतकाच महत्त्वाचा भाग. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत ब्राँझ पदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. आपल्याच तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिरंदाजीत टोकियो ऑलिंपिकला गेला. आज अशा खेळाडूंच्या संघाबरोबर फिजिओथेरपिस्ट जातात. खांदा दुखला तर त्याच दिवशी बघणारं माणूस असतं. आमचा प्रश्न एवढाच की, दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईचं अंग खेळाडूपेक्षा कमी राबतं का? पैलवानाची मालिश ती तयारी, आणि बाईनं पाय चेपून मागितले की ते थेर?

आषाढीच्या वारीत माउलींची पालखी तरडगावहून फलटण मुक्कामी येते आणि पुढं बरडला जाते. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांचे पाय चेपायला, तेल लावायला वाटेवर किती हात पुढं येतात, ते आपण बघतो. ओळख नाही, पाळख नाही, कुणी जात विचारत नाही. ती सेवा आपण मोठी मानतो. तीच सेवा वर्षभर घरोघर करणारी मालिशवाली मावशी मात्र कोपऱ्यात बसते.

जगात दुसरीकडं काय झालं ते सांगतो. लंडनमध्ये सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी मालिशच्या नावावर भलतेच धंदे चालायचे, त्यामुळं चांगलं काम करणाऱ्या बायांचंही नाव खराब होत होतं. तेव्हा 1894 साली चार परिचारिका एकत्र आल्या आणि त्यांनी शिकलेल्या मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. शिक्षण ठरवलं, परीक्षा ठरवली, वागण्याचे नियम ठरवले. तीच संस्था वाढत वाढत इंग्लंडमधली फिजिओथेरपिस्ट लोकांची मोठी संस्था झाली. चार बाया, एक नियमांची वही. आपल्या बचत गटाची सुरुवात तरी वेगळी कुठं असते?

आज आपल्याकडं फिजिओथेरपी हे काही वर्षांचं रीतसर शिक्षण आहे. कराडला त्याचं कॉलेज आहे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी राज्याची परिषदही आहे. पॅरालिसिस झाल्यावर, प्लास्टर काढल्यावर, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हात-पाय परत चालता करणं हे त्यांचं काम. प्लास्टर निघालं म्हणजे उपचार संपला असं आपण समजतो आणि व्यायाम शिकायला जातच नाही. मग सांधा आखडून राहतो. दोन-तीन वेळा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या, बाकीचा घरी करता येतो. बारावी विज्ञान केलेल्या लेकींना हेही एक करिअर आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता गटांनी काय करायचं, ते थोडक्यात.

पहिलं, पुढच्या मीटिंगला पंधरा मिनिटं या विषयाला द्या. आशाताईला बोलवा. घोट्याची चार पावलांची पारख, एका पोटरीची सूज, घट्ट बांध आणि निळी बोटं, या तीन खुणा प्रत्येकीला तोंडपाठ झाल्या पाहिजेत.

दुसरं, ग्रामसंघाच्या पैशातून एक पेटी करा. दोन क्रेप बँडेज, कापूस, जाड पुठ्ठा, त्रिकोणी फडकं. फार खर्च नाही. बर्फ कुणाच्या फ्रिजमध्ये मिळेल तेही ठरवून ठेवा.

तिसरं, गावातल्या मालिशवाल्या मावशीशी बोला. ती सव्वा महिना बाळ-बाळंतिणीचं करते आणि तिला शेवटी एक साडी, थोडे दाणे, वर थोडे पैसे. किती, ते कुणी आधी बोलत नाही. गटानं दिवसाचा दर ठरवला तर तिला मागायची लाज वाटणार नाही आणि देणारीलाही कळेल. तिला या धोक्याच्या खुणा शिकवा. दहा घरांत जाणारी ती एकटी बाई, तिच्या डोळ्यांना सुजलेली पोटरी सगळ्यात आधी दिसते. ती गटात नसेल तर तिला गटात घ्या. अशा एका मावशींना आम्ही विचारलं, “मावशी, तुमचं अंग दुखलं की कोण चोळतं?” त्या हसल्या नि म्हणाल्या, “माझं कशाला कोण चोळतंय बाई.” या उत्तरावर आपल्या सगळ्यांनाच विचार करायला पाहिजे.

चौथं, कुणाकडं मालिशला जायचं तर सोबत बाई न्या. बंद खोलीत एकटीनं जायचं नाही. जिथं हात नको वाटतो तिथं ‘नको’ म्हणायचा आपला हक्क आहे, मग तो कितीही मोठा वैद्य असो.

आणि पाचवं, घरातलं. आठवड्यातून एकदा, दोघी जावांनी, सासू-सुनेनं, आळीपाळीनं एकमेकींची पाठ चोळायची. नवऱ्याला, लेकालाही शिकवा, तेलाची वाटी काही फक्त बायकांच्या हाताला चिकटत नाही. खुरपताना तासाभरानं उठून कंबर मागं ताणायची, हंडा उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकायचं. याला पैसा लागत नाही, मुहूर्तही लागत नाही.

अंग हे आपलं पहिलं भांडवल आहे. गटाच्या पैशाचा हिशोब आपण रुपयापर्यंत लावतो, अंगाचा मात्र लावत नाही. कुठल्या दुखण्यावर हात फिरवायचा आणि कुठल्या दुखण्यावर तोच हात फोनकडं न्यायचा, एवढं जरी आज तुमच्या ध्यानात राहिलं तरी आमचं बोलणं कारणी लागलं. ऐकलंत ते शेजारणीलाही सांगा. तुमचे प्रश्न गटाच्या मीटिंगमध्ये लिहून द्या, जमेल तसे डॉक्टरांना विचारून पुढच्या भाषणात उत्तरं देऊ.